दिवा स्थिर असल्यास

आमच्या समोरच्या दारात राहणाऱ्या गृहस्थांना सगळी इमारत सूचनाराव म्हणते. खरं नाव दारावरच्या पाटीवर आहे. पण पाटीखाली त्यांनी स्वतःच एक चिठ्ठी चिकटवलीय : 'घंटीचे बटण एकदाच दाबावे. प्रतिसाद न मिळाल्यास तीस सेकंद थांबून पुन्हा दाबावे.' माणसं ती वाचण्यात इतकी गुंततात की पाटीकडे बघायचं राहूनच जातं.

सूचनारावांचा धंदा माहितीपुस्तिकांचा. म्हणजे त्या मराठीत आणायचा. एकतीस वर्षं त्यांनी दुसरं काही केलेलं नाही. तुमच्या घरात एखादा मिक्सर, गीझर किंवा इस्त्री असेल आणि तिच्या खोक्यात थर्मोकोलच्या खाली अकरा भाषांतली पातळ पुस्तिका असेल, तर तिच्यातली मराठी पानं सूचनारावांची असण्याची दाट शक्यता आहे. ती तुम्ही वाचलेली नसण्याची शक्यता त्याहून दाट. त्यांना हे ठाऊक आहे. "माझं लेखन घराघरांत पोचलंय हो," ते म्हणतात, "फक्त थर्मोकोलच्या वर आलेलं नाही."

एवढ्या वर्षांत ती भाषा त्यांच्या अंगात मुरली. चहात साखर किती, असं विचारलं तर 'आवश्यकतेनुसार' म्हणतात. मुलगी शिकायला वसतिगृहात गेली तेव्हा बापानं डोळे पुसत तिच्या ट्रंकेवर लिहिलं होतं, 'ही बाजू वर'. माणूस अतिशय सज्जन. पण छापलेल्या शब्दावर त्यांची जी श्रद्धा आहे, ती पाहून कधीकधी आपल्यालाच घाम फुटतो.

वहिनींचं, म्हणजे त्यांच्या पत्नीचं, अगदी उलट. त्या एका मोठ्या प्रयोगशाळेत रक्त तपासतात. अठ्ठावीस वर्षं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसल्यामुळे त्यांचा विश्वास फक्त दिसेल त्यावर. घरातलं कुठलंही यंत्र बंद पडलं की सूचनाराव पुस्तिका शोधायला लागतात आणि तेवढ्यात वहिनी त्या यंत्राला एक चापट देतात. यंत्र बहुतेक वेळा चापटीचं ऐकतं.

तर गेल्या वर्षी ही प्रयोगशाळा हलली. शहराच्या पार दुसऱ्या टोकाला गेली. आधी वहिनी चालत जायच्या. आता सकाळी दोन बस, मध्ये जिन्याचा पूल, आणि संध्याकाळी तेच सगळं उलट्या क्रमानं. वय छप्पन्न, गुडघे त्याहून मोठे. घरी आल्या की दाराजवळच्या स्टुलावर बसायच्या आणि एक चप्पल काढून तशाच राहायच्या. दुसरी काढायला दहा मिनिटं लागायची.

"चारच वर्षं राहिलीत आता," सूचनाराव एकदा म्हणाले.

"चार वर्षं, रोज चार बस. करा तुम्हीच गुणाकार."

"मग काय करायचं म्हणतेस?"

"मोठ्या मॅडमना सांगून टाकलंय मी. महिनाअखेर अर्ज देते. बास झालं."

बास झालं म्हणताना त्यांनी भिंतीकडे तोंड केलं, आणि तिथेच सूचनाराव काय ते समजले. ह्या बाईला काम सोडायचं नव्हतं. रात्री जेवताना ती अजूनही सांगायची, आज एका स्लाइडमध्ये काय दिसलं ते, जसं दुसऱ्या बायका शेजारच्यांच्या घरात काय दिसलं ते सांगतात. काम तिला हवंच होतं. नको होत्या त्या फक्त बस. म्हणून सूचनारावांनी गाडी घ्यायचं ठरवलं. महिनाअखेरीला तीन आठवडे होते.

आता ह्यात एक गंमत आहे. सूचनारावांना गाडी चालवता येत नाही. चार वेगवेगळ्या गाड्यांच्या पुस्तिका त्यांनी मराठीत आणल्यात, क्लच कसा 'हळुवारपणे मुक्त करावा' ते त्यांना तोंडपाठ आहे, पण पायाला क्लच कधी लागलेला नाही. चालवतात त्या वहिनी. कॉलेजात असताना त्यांनी वडिलांच्या बेकरीची पावाची गाडी दोन वर्षं हाकलली होती.

गाडी घेतली ती वापरलेली, एका दातांच्या डॉक्टरांची. बाजारात बऱ्या अशा दहा गाड्या होत्या. पण सूचनारावांनी हीच का निवडली? तर अकरा वर्षांपूर्वी ह्या गाडीची पुस्तिका त्यांनी केली होती. "ही गाडी मी आतून ओळखतो," ते मला म्हणाले. मी म्हटलं, "आत कधी बसला होतात?" ते म्हणाले, "तसं आतून नव्हे हो."

गाडी ताब्यात घेतल्यावर त्यांनी आधी डॅशबोर्डचा कप्पा उघडला. पुस्तिका तिथेच होती, प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवीचं सील जसंच्या तसं. अकरा वर्षांत डॉक्टरांनी ते फोडलंसुद्धा नव्हतं. सूचनारावांनी ते फोडलं, वास घेतला आणि म्हणाले, "नवी कोरी आहे." आम्हाला वाटलं, गाडीबद्दल बोलतायत.

तीन दिवस सगळं छान चाललं. वहिनी पस्तीस मिनिटांत कामावर पोचायला लागल्या. घरी आल्या की दोन्ही चपला एका दमात निघायच्या. चौथ्या दिवशी सकाळी सव्वानऊला त्यांचा फोन आला, एका पेट्रोल पंपावरून.

"अहो, दिवा लागलाय."

"कुठला?"

"पिवळा. नळासारखं चित्र आहे. नाहीतर कोंबडी बिनपायांची."

"ते इंजिन आहे." सूचनारावांकडे पुस्तिकेची एक छायाप्रत घरी होती; अशा गोष्टींची प्रत ते ठेवतातच. भराभर पान काढून त्यांनी खड्या आवाजात वाचलं, "इंजिनाचा निदर्शक दिवा लुकलुकत असल्यास वेग कमी करून प्रवास सुरू ठेवावा व शक्य तितक्या लवकर अधिकृत सेवा केंद्राशी संपर्क साधावा. लुकलुकतोय का?"

"नाही. शांतपणे जळतोय."

"शांतपणे?" सूचनारावांचा आवाज चिरकला. "ऐक, पुढे काय आहे ते. दिवा स्थिर असल्यास वाहन तत्काळ सुरक्षित ठिकाणी थांबवावे व कोणत्याही परिस्थितीत पुढे चालवू नये. थांब! तिथेच थांब!"

"अहो, पण गाडी अगदी नीट चालतेय."

"कोणत्याही परिस्थितीत!"

वहिनींनी गाडी पंपावर सोडली आणि उरलेली वाट बसनं काढली. पोचायला अकरा वाजले. अर्धी रजा मांडली गेली. इकडे सूचनारावांनी दातांच्या डॉक्टरांना फोन लावला.

"दिवा?" डॉक्टर म्हणाले. "आमच्याकडे कधी लागला नाही बुवा. गाडीला काही दुखतंय का? म्हणजे आवाज, धक्के, असं काही?"

"नाही."

"मग उगाच कशाला तोंड उघडायला लावताय तिला?"

शेवटी गाडी टो करून कोपऱ्यावरच्या गॅरेजात आणली. गॅरेजवाला साठीतला, चष्मा दोरीनं गळ्यात, बोलणं कमी. त्यानं तपासायचं यंत्र लावलं, चष्मा चढवला, उतरवला, आणि सरळ जाऊन पेट्रोलच्या टाकीचं झाकण काढून सूचनारावांच्या हातात दिलं.

"रबर गेलंय साहेब. वाफ निसटते. तेवढंच सांगतोय तो बिचारा."

"बस? एवढंच?"

"एवढंच. नवीन झाकण लावतो. दिवा मात्र लगेच जाणार नाही. दोन-चार दिवस गाडी फिरली, तिची खात्री पटली, की आपला आपण विझेल. मी आत्ता पुसू शकतो, पण पुसत नाही. पुसला तर दुखणं खरंच गेलं की नाही, कळायचं कसं?"

म्हणजे झालं असं : दिवा जायला हवा असेल तर गाडी चालवायला हवी, आणि पुस्तिकेत छापलेलं की दिवा आहे तोवर गाडी चालवू नये. ह्या चक्रात सूचनाराव असे अडकले की निघता निघेनात. गॅरेजवाल्याचं म्हणणं तोंडी होतं, पुस्तिकेचं छापील. गाडी इमारतीखाली उभी राहिली. वहिनी पुन्हा बसनं जायला लागल्या.

"गॅरेजवाला चालवा म्हणाला ना?" दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी विचारलं.

"तो झाकणापुरतं बोलला. आणि हमरस्त्यावर तुला काही झालं तर?"

"आणि पुलावर काही झालं तर? जिना उतरताना कठडा घट्ट धरून उतरते मी, माहितेय?"

"अगं, छापलंय तसं. कंपनीनं छापलंय."

"लिहिलं कोणी?"

"मी. पण म्हणजे मी फक्त भाषा बदलली. मूळ त्यांचं."

वहिनींनी डबा पिशवीत टाकला, पिशवी खांद्याला लावली आणि निघाल्या. भांडणाला ताकद लागते, आणि ती त्यांनी पुलासाठी राखून ठेवली असावी.

असे सहा दिवस गेले. रोज सकाळी सूचनाराव खाली जायचे, किल्ली फिरवायचे, दिवा बघायचे, किल्ली काढायचे. आजाऱ्याचा ताप बघावा तसं. वर येऊन सांगायचे, "आहे." मी एकदा म्हटलं, "अहो, उभ्या गाडीचा दिवा कसा विझेल?" तर म्हणाले, "मला कळतंय हो ते." कळत होतं त्यांना सगळं. पण त्यांच्या डोळ्यांपुढे एकच चित्र होतं : मोठ्या रस्त्यावर बंद पडलेली गाडी, मागून येणारे ट्रक, आणि आत आपली बायको. आणि हे सगळं आपल्याच शब्दांत सांगितलेलं असूनही आपण ऐकलं नाही! इकडे कॅलेंडरावर महिन्याची शेवटची ओळ सुरू झाली होती.

सहाव्या संध्याकाळी वहिनींची दुसरी बस चुकली. त्या सव्वाआठला आल्या. स्टुलावर बसल्या, एक चप्पल काढली, आणि दुसरी पायात तशीच ठेवून भिंतीला डोकं टेकून झोपल्या. सूचनाराव पाण्याचा पेला घेऊन आले आणि तो हातात धरून उभेच राहिले. मग खाली बसून त्यांनी ती दुसरी चप्पल काढली. वहिनींना जाग आली नाही.

दुसऱ्या दिवशी ते गॅरेजात गेले, पुस्तिका काखेत मारून. भांडायलाच गेले होते म्हणा ना. आता एकदाचा निकाल लावायचा : एक तर गॅरेजवाल्यानं छापील मजकूर खोडून काढावा, नाहीतर दिवा विझवून द्यावा.

गॅरेजवाल्यानं हात पुसले, चष्मा चढवला, ओळीवर बोट ठेवून वाचलं. पुन्हा वाचलं.

"साहेब, हे उलटं आहे."

"काय उलटं?"

"स्थिर असेल तर सावकाश चालवा, दाखवून घ्या. लुकलुकला तर थांबा. लुकलुकतो म्हणजे ओरडतोय तो, इंजिन आतून मार खातंय. हे असं उलटं कुठेच नसतं." त्यानं पुस्तिका मिटून मुखपृष्ठ पाहिलं. "कुठल्या शहाण्यानं लिहिलंय हो हे?"

सूचनाराव "बघतो" म्हणाले आणि परत आले. येताना माझं दार वाजवलं. एकदाच. तीस सेकंदांनी पुन्हा वाजवण्याइतकंही त्राण त्यांच्यात नव्हतं. मी उघडलं तेव्हा ते भिंतीला टेकले होते.

"माळ्यावरून एक खोकं काढायचंय," म्हणाले.

खोकं काढलं. जुनी कामं त्यांनी वर्षावार बांधून ठेवलीत. त्यातून त्या गाडीची मूळ इंग्रजी पुस्तिका निघाली. ते पान निघालं. मुळात गॅरेजवाला म्हणाला तसंच होतं. आणि समासात, पेन्सिलीनं, सूचनारावांच्या गोल नीटस अक्षरात लिहिलं होतं : 'मुळात चूक. उलट हवे. सुधारले.'

आम्ही दोघं जमिनीवर बसून ते बघत राहिलो.

"आठवलं," ते हळूच म्हणाले. "मला वाटलं, सतत जळणारा दिवा म्हणजे गाडीचं नक्की ठरलंय. लुकलुकणारा म्हणजे अजून तिचं तळ्यात-मळ्यात चाललंय. मग स्थिर जास्त गंभीर, नाही का? मूळ लिहिणाऱ्याच्या हातून अदलाबदल झाली असणार, असं वाटलं मला. त्या दिवशी मी स्वतःवर इतका खूष होतो, तुम्हाला सांगतो, संध्याकाळी हिला फिरायला घेऊन गेलो."

मला हसू येत होतं आणि हसवत नव्हतं. आळशी माणसाच्या हातून ही चूक झालीच नसती. त्यानं जसं होतं तसं उतरवलं असतं. ह्याला आपला माणूसच हवा, जो जिथे कोणी बघत नाही तिथेसुद्धा जीव ओतून चुकतो.

लगेच त्यांनी कंपनीला पत्र लिहिलं, चूक आपली आहे, पान अमुक, ओळ अमुक, ती ताबडतोब सगळ्यांना कळवावी. संगणकावरून पाठवलं आणि दोन मिनिटांत मराठीत उत्तर आलं : 'आपल्या बहुमोल सूचनेची नोंद घेण्यात आली आहे.' सूचनारावांनी ते वाचून डोक्याला हात लावला. "हे वाक्य पण माझंच आहे," ते म्हणाले. "हे आपोआप जातं. कोणी वाचलेलं नाही." मग फोन लावला. चार ठिकाणी फिरवून फिरवून शेवटी एका खऱ्याखुऱ्या बाईनं सगळं लिहून घेतलं, वाचून दाखवलं आणि नंबर दिला. तेव्हा कुठे ते खुर्चीत टेकले.

संध्याकाळी वहिनी आल्या. ह्यांनी त्यांना स्टुलावर बसू दिलं, दोन्ही चपला निघेपर्यंत थांबले आणि मग दोन्ही पानं शेजारी शेजारी धरून सगळं सांगितलं. एका दमात, काही न गाळता.

वहिनींनी पेन्सिलीची ओळ वाचली. मग दोन्ही पानं हातात घेऊन पुन्हा वाचली.

"आमच्याकडे काचेखाली काही विचित्र दिसलं ना," शेवटी त्या म्हणाल्या, "तर आम्ही ते सुधारत नाही. पुन्हा बघतो. मग दुसऱ्याला बघायला लावतो."

"हो."

"सहा दिवस. रोज चार बस."

"आजचा धरून सात," सूचनाराव म्हणाले. त्या वेळी तरी त्यांनी हे सांगायला नको होतं, पण अचूकपणा सुटत नाही.

"धन्य आहे तुमची!" वहिनी म्हणाल्या. ओरडायला सुरुवात केल्यासारखं म्हणाल्या, पण मध्येच जांभई आली आणि राग तिथेच संपला. सूचनाराव खाली बघत होते.

"मला तुझं वाईट वाटतंच गं. पण ज्यांचा लुकलुकला असेल... आणि माझं वाचून जे कोणी चालवत राहिले असतील..."

"कोणी वाचलं नसेल."

"खरंच?"

"अहो, त्या डॉक्टरांनी पिशवीसुद्धा फोडली नव्हती. कोणी म्हणजे कोणी वाचलं नसेल."

एकतीस वर्षं हेच वाक्य त्यांच्या मनाला लागायचं. त्या संध्याकाळी मात्र त्यांनी ते दोनदा म्हणवून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी किल्ली घेऊन दारात उभ्या राहिल्या. "चला बरोबर," म्हणाल्या. "लिहिलंय तुम्ही, तर बसा शेजारी."

पुढचं मला सूचनारावांनीच सांगितलं. किल्ली फिरवली तसा दिवा लागला, पिवळा, स्थिर. गाडी निघाली. ते मांडीवर पिशवी घेऊन, पट्टा लावून, त्या कोंबडीकडे टक लावून बसले. एकदा खड्ड्यात गाडी आदळली तेव्हा त्यांना वाटलं, लुकलुकला. डोळ्याची पापणी होती.

"त्याच्याकडे बघू नका," वहिनी म्हणाल्या. "माझ्याकडेही नका बघू. समोर बघा."

ते समोर बघत राहिले. सिग्नल लागले, सुटले. मोठा रस्ता आला आणि गेला. मागून ट्रक आले, हॉर्न देऊन पुढे निघून गेले. पस्तीस मिनिटांत प्रयोगशाळेच्या आवारात गाडी थांबली. कामाला अजून पाऊण तास होता. अंदाज चुकू नये म्हणून सूचनारावांनी त्यांना फार लवकर काढलं होतं.

"चला, पोचलो," वहिनी म्हणाल्या आणि किल्ली काढली. "मोठ्या मॅडमना सांगते आज. अर्जाचं राहू दे म्हणून."

"दिवा गेला नाही तरी?"

"राहू दे हो त्याला. जाईल तेव्हा जाईल. मला आधी सांगा, ही सीट मागे कशी जाते?"

सूचनारावांनी पुस्तिका उघडली नाही. "आसनाच्या बाजूची तरफ वर ओढावी," ते म्हणाले, "व पाठीने हलकासा दाब द्यावा."

वहिनींनी तरफ ओढली, दाब दिला. सीट अलगद मागे गेली. "हे बरोबर लिहिलंय," त्या डोळे मिटून म्हणाल्या. "अर्ध्या तासानं उठवा." आणि वाक्य पुरं होईतो झोपल्यासुद्धा.

आवारात माणसं यायला लागली होती. कोणी सायकल लावत होतं, कोणी पांढरा कोट झटकत होतं. सूचनारावांच्या एका पायाला मुंग्या आल्या. उतरून जरा पाय मोकळे करावे असं फार वाटत होतं. पण दार उघडलं की ही गाडी तीनदा टुणटुण करते. त्यांनी पिशवी मांडीवर नीट घेतली, घड्याळ मनगटावरून सोडवून हातात धरलं, आणि बसून राहिले.